तीन उलटे बोर्ड आणि आईचं दार

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. हा नमस्कार नुसता लिहिण्यापुरता नाही, खरोखरचा आहे, कारण या क्षणी मी दुकानाच्या फरशीवर पालथा पडलोय, डाव्या हातात बॅटरी आहे आणि कपाटाखाली गेलेला एक उरलेला रेझिस्टर शोधतोय (तांदळाच्या दाण्याएवढा असतो, रंगाने थेट आपल्या फरशीसारखा, आणि पडताना आवाजसुद्धा करत नाही). तो काही सापडेना. तेव्हा म्हटलं, पालथं पडलोच आहोत तर दादाला पत्र लिहून टाकावं. तुझा गुडघा कसा आहे? खोकला गेला का? जिने चढताना मध्ये थांबत जा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे माझं डोकं सोडून. फोन करायचं सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर मी ‘हॅलो’ म्हणतो, तू ‘ऐक’ म्हणतोस, आणि मग अकरा मिनिटं मी ऐकतो. मोजणी खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसापुढे माझा निभाव लागत नाही. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, एवढाच माझा फायदा.

मुद्द्याचं आधी लिहितो. गेल्या रविवारी तू निकाल दिलास की येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तू येणार आणि आईला तुझ्याकडे घेऊन जाणार, कारण तिच्यावर लक्ष ठेवणं माझ्याच्याने होत नाही. दादा, मला ते फार लागलं. खोटं आहे असं म्हणत नाही. चार महिन्यांत चारदा आई न सांगता घराबाहेर पडली आणि चारही वेळा कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर सापडली. दोनदा समोरच्या शिंप्याने आणली, एकदा औषधवाल्याने, एकदा मी. कुठे निघाली होतीस विचारलं की म्हणते, काम होतं. कसलं काम, तर म्हणते, आहे एक. डॉक्टर म्हणाले, एक्याऐंशी वय आहे, असं व्हायचंच. हे सगळं मीच तुला सांगितलं, आणि आता सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतंय. ती इथून गेली तर दुकान मी उघडीन, शिक्केही बनवीन, पण सकाळी चष्मा कपाळावर चढवून ‘याची कडा साफ केलेली नाहीस’ असं मला कोण म्हणणार? मला तिला पाठवायचं नाही. तू असं काही ठरवशील हे ओळखून मी दोन महिन्यांपूर्वीच एक यंत्र करायला घेतलं होतं. हे पत्र त्या यंत्राचं आहे आणि त्यातून निघणारा निष्कर्ष असा की तुला यायची काही गरज नाही.

आता नीट समजून घे (मला समजलेलं नाही, पण तू घे). घर वर, दुकान खाली, आणि घराचा जिना मागच्या गल्लीत उतरतो, हे तुला माहीतच आहे. त्यामुळे आई बाहेर पडली तरी दुकानात बसलेल्या मला पत्ता लागत नाही. तेव्हा वरचं दार उघडलं की खाली माझ्या कानाशी हळूच पिंपिं वाजावं, एवढीच माझी मागणी. तयार भोंगा बाजारात मिळतो, असं तू म्हणशील. आणला होता. पहिल्यांदा वाजला तेव्हा आई जागची हलली नाही, पण समोरचा शिंपी कात्री हातात घेऊन रस्त्यावर आला. शिवाय तो भोंगा एकदा सुरू झाला की कुणाचं ऐकत नसे. तेव्हा आपल्या ओहमकाकांनी सुचवलं की घरीच कर. (ओहमकाका म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. रोज अकरा ते एक आपल्या दुकानातल्या स्टुलावर बसतात. खरं नाव मी विसरलो आणि आता विचारायची सोय राहिली नाही.) ते म्हणाले, एक आठ पायांची चिप घ्यायची, ती म्हणजे नखाएवढा कॉम्प्युटरच, तिला सांगायचं की दारावरचं चुंबक लांब गेलं की वाजव. मी म्हटलं, इतकं सोपं? ते म्हणाले, हो, फक्त तिला बसायला बोर्ड करावा लागेल. त्या ‘फक्त’मध्ये माझे सात आठवडे गेले.

सुरुवातीलाच घोळ झाला. काकांनी कागदावर चित्र काढलं, त्यात बाण होते. करंट अधिककडून उणेकडे जातो, असं त्यांनी सांगितलं. ते मी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले की खरं तर तारेतून जे काही जातं ते उणेकडून अधिककडे जातं. मी म्हटलं, मग बाण उलटे आहेत. म्हणाले, हो, पूर्वी कुणीतरी अंदाजाने काढले आणि चूक कळेपर्यंत सगळ्या जगाला सवय झाली होती. मग सुधारले का नाहीत? तर म्हणाले, चालतंय ना. दादा, मी तीस वर्षं शिक्के बनवतोय. एक वेलांटी चुकली तर गिऱ्हाईक शिक्का तोंडावर फेकतं. आणि इथे अख्ख्या विजेचा बाण उलटा आहे आणि चालतंय. पुढे चिपचे पाय मोजायचे. ते वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचे आणि खालून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने, आणि तांबं असतं खाली, आणि चिप बसते वर. मी ती चिप हातात धरून इतक्या वेळा उलटीसुलटी केली की हिने विचारलं, आजारी आहे का ती.

मग बोर्डाचा आराखडा. इथे तुझी खरी गरज होती. तांब्याच्या पातळ पत्र्यावर रस्ते राखायचे आणि बाकीचं तांबं घालवायचं, अशी ती पद्धत. पण अट अशी की एक रस्ता दुसऱ्या रस्त्याला ओलांडू शकत नाही. ओलांडला की संपलं, दोघांतलं सगळं एकमेकांत. आठ पाय, एक चुंबकाचा स्विच, एक छोटा दिवा, एक पिंपिं करणारी डबी आणि दोन बॅटऱ्या, एवढीच वस्ती, पण प्रत्येकाला प्रत्येकाकडे जायचं असतं आणि कुणालाही वळसा घालायचा नसतो. (तू गावोगावी जमिनीच्या हद्दी आखून लोकांची भांडणं कशी मिटवलीस, याबद्दल मला पहिल्यांदाच खरा आदर वाटला.) आधी मी आलेखाच्या वहीवर पेन्सिलीने नऊ दिवस काढले. रबर संपलं. मग दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम घेतला. त्यात आपोआप रस्ते आखायचं बटण आहे. ते दाबलं तर त्याने क्षणात सगळं आखून दिलं, फक्त एक रस्ता बोर्डाच्या बाहेरून जाऊन परत आत आला. शेवटी एका ठिकाणी तारेचा पूल टाकला आणि सुटलो. आणि कुठली बाजू कुठली ते कळावं म्हणून मी बोर्डाच्या एका टोकाला ‘आत’ आणि दुसऱ्या टोकाला ‘बाहेर’ अशी अक्षरं घातली. ती दोन अक्षरं घातली हे माझ्या हातून झालेलं एकमेव शहाणपण, आणि तेसुद्धा चुकून.

आता छपाई. हा भाग आपल्या घराण्याचा, म्हणून माझी छाती जरा फुगली होती. आराखडा गुळगुळीत कागदावर छापायचा, तो कागद तांब्यावर पालथा ठेवायचा आणि वरून इस्त्री दाबायची. शाई तांब्याला चिकटते. मग कागद पाण्यात भिजवून बोटाने चोळून काढायचा. गुळगुळीत कागद म्हणून हिच्या मासिकाचं एक पान घेतलं. त्यावर खुनाच्या गोष्टीचा शेवट होता, हे मला नंतर कळलं (ती अजून मला विचारते की खून कुणी केला, मी म्हणतो, इस्त्रीखाली काही दिसलं नाही). इस्त्री हिचीच. शाई तांब्याला चिकटली, तशी थोडी इस्त्रीलाही चिकटली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर करड्या रंगात एक छोटा, सुबक सर्किट बोर्ड उमटला. मी तो शर्ट घालून बँकेत जाऊन आलो, कुणी काही बोललं नाही. मग तो पत्रा फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायचा. ते पाणी गंजाच्या रंगाचं असतं आणि त्याचा डाग कशानेही जात नाही. नको असलेलं तांबं ते खातं, शाईखालचं सोडतं. मी तिथे अर्धा तास उभा राहून ताट हलवत होतो. माझी बोटं, मोरीची कड आणि दाराची एक कडी आता कायमची तपकिरी आहेत. घर विकायचं झालं तर सांगता येईल की मुद्दाम केलंय.

पहिला बोर्ड धुऊन पुसून हातात घेतला आणि माझं मन भरून आलं. तांब्याची अक्षरं लखलखत होती, ‘आत’ आणि ‘बाहेर’, दोन्ही उलटी, आपल्या शिक्क्यावर असतात तशी. अगदी बरोबर दिसत होतं. मी तो आईला दाखवला. तिने चष्मा खाली ओढला, बोर्ड डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, हे उलटं आहे. मी म्हटलं, होय आई, उलटंच असतं. (जिने छापखान्यात तीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, जिने मला पाचव्या वर्षी उलटं वाचायला शिकवलं, तिला मी हे समजावलं, आणि आवाज कसा काढला माहितीये? तापात बडबडणाऱ्या माणसाशी बोलतो तसा.) मग भोकं पाडली, चिप बसवली, कथलाचे डाग देऊन जोडली, बॅटरी लावली. वाजलं काहीच नाही. चिपवर बोट ठेवलं तर फोड आला. काकांनी वास घेतला आणि टोपी काढली.

त्यांचं म्हणणं पडलं की जिथून करंट आत यायचा तिथून तो बाहेर जातोय. म्हणजे आराखडा आरशातला निघाला होता. कसा? दोन दिवस डोकं फोडल्यावर उलगडा झाला. प्रोग्राम स्वतःच तांब्याची बाजू उलटी दाखवतो, कारण तो वरून काचेतून पाहिल्यासारखं दाखवतो. इस्त्रीने ती सुलट होते. म्हणजे माणसाने मध्ये काही करायचंच नाही. पण आपला दुकानातला प्रिंटर शिक्क्यांसाठी कायम उलटं छापायला लावून ठेवलेला आहे, आणि ते मी इतक्या वर्षांत विसरून गेलो होतो. ठीक आहे. दुसऱ्या वेळी मी प्रोग्राममध्ये ‘उलटं करा’च्या चौकटीत खूण केली, म्हणजे प्रिंटर ते परत होतं तसं करेल, हिशोब बरोबर. पण झालं काय, हिला माझी दया आली होती. तिने मला न सांगता आदल्या दिवशीच प्रिंटर सरळ करून ठेवला होता. आपल्या घरात हीच रीत आहे ना, दुसऱ्याची चूक दिसली तर बोलायचं नाही, गुपचूप दुरुस्त करून ठेवायची. बाबांनी तेच केलं, आईने तेच केलं. दोघांच्या दोन दुरुस्त्यांनी माझा दुसरा बोर्ड गेला. तोही आईला दाखवला होता. तेव्हाही ती म्हणाली होती, उलटं आहे. तेव्हाही मी म्हटलं होतं, होय आई.

तिसऱ्या वेळी मी आणि ही समोरासमोर बसलो आणि काय करायचं ते स्पष्ट ठरवलं. मी खूण काढायची, प्रिंटर सरळ आहे तो सरळच राहू द्यायचा, कुणीही कुणावर उपकार करायचे नाहीत. मी खूण काढली. मग मी कागद शोधायला वर गेलो, आणि तेवढ्या वेळात एक बाई ‘पावती मिळाली’चा शिक्का तातडीने करून मागायला आल्या. हिने त्यासाठी प्रिंटर उलटा केला. बाई शिक्का घेऊन गेल्या, प्रिंटर तसाच राहिला, आणि मी खाली येऊन बटण दाबलं. तू म्हणशील, कागद हातात आल्यावर बघायचं नाही का. बघितलं. छापलेलं सरळ दिसलं तर आपल्या डोळ्यांना सरळ वाटतं, आणि तांब्यावर उलटं दिसलं तर शिक्का म्हणून तेही बरोबर वाटतं. शिक्केवाल्याला दोन्हीकडून बरंच दिसतं. हा आजार कुठल्या डॉक्टरला सांगू?

तिसरा बोर्ड मी आईसमोर ठेवला तेव्हा ती पाणी पीत होती. ती म्हणाली, उलटं आहे. मी म्हटलं, होय आई. तिने पेला खाली ठेवला आणि विचारलं, ‘शिक्का उलटा असतो, ते खरं. पण हे काय तू कागदावर मारणार आहेस?’

दादा, मी तिथेच स्टुलावर बसलो. सात आठवडे, तीन चिपा, एक शर्ट, हिची गोष्ट, माझी बोटं, आणि उत्तर घरातच होतं, तीन वेळा बोललंही होतं. आई विसरते असं आपण ठरवलं आणि त्या दिवसापासून ती काय म्हणते ते ऐकायचंच सोडून दिलं. मी सोडलं, तूही सोडलंस (त्या अकरा मिनिटांत तू कधी ‘आईला फोन दे’ म्हणाल्याचं मला आठवत नाही). मला फार लाज वाटली. चौथ्या वेळी छापलेला कागद इस्त्रीच्या आधी तिच्या हातात दिला. तिने अक्षरांवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं, ‘बाहेर’च्या मात्रेवर थांबली, आणि म्हणाली, आता लाव. लावला. चालला. ओहमकाकांनी माझ्याशी हात मिळवला आणि मग रुमालाने आपला हात पुसला, कारण माझा अजून डागाळलेलाच होता.

आता दार उघडलं की खाली पिंपिं वाजतं. आठ दिवस चाचणी घेतली. ही भाजी आणायला गेली, वाजलं. वारा आला, वाजलं. मीच तपासायला वर गेलो, वाजलं, आणि मी धावत खाली आलो, कोण गेलं ते बघायला. आईने चौकटीवरची डबी पाहिली आणि कशासाठी आहे ते विचारलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून सांगितलं, मांजर बाहेर जातं ना, त्यासाठी. मग तिने विचारलं की मांजर कडी कशी काढतं. मी म्हटलं, तेच तर शोधायचंय. तेव्हापासून ती मला बघून थोडीशी हसते, आणि ते हसू मला नीट कळत नाही.

तेव्हा दादा, सांगायचा मुद्दा असा की पहारा पक्का झालाय, आई इथे सुखरूप आहे, आणि तू पहिल्या रविवारी प्रवासाची दगदग करून घेऊ नकोस. तिला नेऊ नकोस. तुझ्याकडे तिला तिसऱ्या मजल्यावर दिवसभर करमणार नाही, आणि मला इथे तिच्याशिवाय करमणार नाही. कळावे, असं लिहायची पद्धत आहे, पण मलाच कळलेलं नसताना तुला काय कळावे. लहानांना आशीर्वाद आणि मोठ्यांना नमस्कार सांग, म्हणजे तुझ्या घरात लहानही तूच आणि मोठाही तूच, तेव्हा दोन्ही तूच ठेवून घे.

तुझा,
धाकटा

ता.क. पाकिटाला डिंक लावत होतो आणि पिंपिं वाजलं. दुपारचे तीन वाजले होते. ही वरून वाकून म्हणाली, आई निघाल्यात, पिशवी घेऊन. मी चपला न घालताच उठलो, तर म्हणाली, ‘अहो, परत आणू नका. मागे जा नुसते. बघा तरी कुठे जातात.’ हे आपल्याला चार वेळांत एकदाही सुचलं नव्हतं. मी वीस पावलं मागे राहून चालत गेलो. दादा, ती कुठेही चुकली नाही. रस्ता दोन्हीकडे बघून ओलांडला, शिंप्याला ‘जरा येते’ असं सांगितलं, स्टॉपवर जाऊन बाकावर बसली. एक गाडी आली, तिने पाटी वाचली आणि मान हलवली. दुसरी आली, तीही सोडली. पावणेचारला तिसरी आली आणि ती उठून उभी राहिली. पाटीवर तुझ्या गावाचं नाव होतं. चारही वेळा तिला आम्ही साडेतीनच्या आत घरी आणलं होतं.

मी पुढे झालो. तिला आश्चर्य वाटलं नाही, ती परत बाकावर बसली आणि मला जागा करून दिली. गाडी गेली. पिशवीत तुझा निळा शर्ट होता, मागच्या वेळी तू खुंटीवर विसरलेला, त्याला गळ्याचं बटण लावलेलं. आणि एका पुठ्ठ्यावर तुझा पत्ता होता, तिच्या गोल, सरळ अक्षरांत, पिनकोडासकट. मी विचारलं, दादाकडे राहायला चाललीस? ती म्हणाली, राहायला कशाला, त्याला आणायला. वहिनी गेल्या त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून तू तिथे एकटाच. आई म्हणाली, तो फोन करतो तेव्हा मी शेजारी बसलेली असते, सगळं ऐकू येतं. तो एवढा वेळ बोलतो, पण त्याच्या मागे काहीच वाजत नाही. भांडं वाजत नाही, दार वाजत नाही, कुणी हाक मारत नाही. मी म्हटलं, मग आम्हाला सांगायचंस ना. तर म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही एकट्या बाईला सोडलं असतं? नसतं सोडलं. मग काय सांगायचं. स्टॉपवर चारचौघांत मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

ता.क. दुसरं. वर ‘येऊ नकोस’ असं दोनदा लिहिलंय. पत्र परत लिहिण्याचं त्राण नाही, तेव्हा ते वाचू नकोस, किंवा वाचलंस तर उलटं वाच. ये. वरची मागची खोली आम्ही आजच रिकामी केली. अकरा बाय नऊ आहे. तू येऊन मोजशीलच, मग नऊच्या ऐवजी पावणेनऊ निघेल आणि आपलं भांडण होईल. मला चालेल. मला तू हवा आहेस, दादा. हे मी फोनवर कधी म्हणालो नसतो. शेजारी आई लेखणी मागतेय, तिला एक ओळ लिहायची आहे.

थोरल्यास अनेक आशीर्वाद. रविवारी ये, सामान बांधून ये. परतीचं तिकीट काढू नकोस. — आई